रस्ता कुठी गेला?

मागच्या वर्षी पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आटपली आणि आईला घेऊन नागपूरहून मुंबईला गेलो. गणपती बसायच्या आत परत यायचं, ही तिची अट. म्हणजे हातात दोनच दिवस. तशी ती मुंबईला आधी दोनदा गेलीय, पण दोन्ही वेळा लग्नाला, आणि लग्नातली मुंबई म्हणजे डोंबिवलीतला हॉल आणि परतीची विदर्भ एक्सप्रेस, त्यामुळे ते काही धरायचं नाही.

दुपारी एकच्या सुमारास हाजी अलीला पोचलो आणि पाहतो तर काय, दर्ग्यात जायचा रस्ताच नाही. समोर दर्गा दिसून राहिला, मधे नुसतं पाणी. आई म्हणे, "काऊन रे, रस्ता कुठी गेला?" आता मी काय सांगणार, मी पण फुटाळा तलावावर भुट्टा खाऊन मोठा झालेला माणूस. मग तिनंच अंदाज बांधला, "धरणाचं पाणी सोडलं असन." बाजूचा चणेवाला हसायलाच लागला. "भरती है अम्मा, दो-ढाई घंटे बाद आओ, रास्ता निकल आएगा."

आपल्याकडे पाणी वाढतं ते एकतर पावसानं, नाहीतर पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले की. रोज दोनदा पाणी स्वतःच वर येतं आणि स्वतःच खाली जातं हे शाळेत वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं त्या दिवशी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका ओळीत आले की पाणी जास्तच चढतं, त्याला उधाण म्हणतात. हे मी मोबाईलवर वाचून दाखवत होतो तर आई म्हणे, "मंग बरोबर आहे, पोळा परवाच त झाला." पोळा म्हणजे अमावस्या! मला इतकं स्क्रोल करून जे कळलं ते तिला पंचांगात मिळालं.

मग कट्ट्यावर चणे खात बसलो आणि वाचता वाचता कळलं की आपण बसलोय तोच मुळात बांध आहे. मुंबई आधी सात बेटांची होती हे सगळ्यांना माहीत असतं, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण वरळी आणि मुंबई बेटाच्या मधे एक मोठं खिंडार होतं, भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा आणि पार भायखळ्याकडच्या सखल भागापर्यंत पाणी जायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला, आजचा हाजी अलीचा रस्ता त्याच्यावरच आहे. बांध सारखा ढासळायचा, मग इंजिनियरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग तो टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची दंतकथा आहे. आईला बांधापेक्षा हे जास्त पटलं.

पाणी गेलं पण नावं राहिली. पायधुणी म्हणजे खाडीचं पाणी ओलांडून आलं की जिथे पाय धुवायचे ती जागा, उमरखाडीत तर खाडी नावातच आहे. आणि ही सगळी बेटं पोर्तुगीजांनी १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, त्यानं १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली. १० पौंड! आज तिथे त्या रेटमध्ये पार्किंग मिळालं तरी नशीब.

भराव घालून शहर केलं पण समुद्र काही हिशोब विसरला नाही. पावसाचं पाणी नाल्यातून समुद्रात सोडायचं, आणि नेमकी तेव्हाच भरती असली की समुद्रच नाल्याचं तोंड बंद करतो, मग पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, म्हणजे आपला जवळजवळ अख्खा पावसाळा एका दिवसात, आणि त्यात भरती. म्हणून आता हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी पंप बसवलेत, पाणी उचलून समुद्रात फेकायला. आणि एवढं पाणी असून प्यायला थेंब नाही, ते येतं विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मिडल वैतरणा, भातसा या सात तलावांतून. बेटं सात, तलाव पण सात. विहार सगळ्यात जुना, १८६० चा. भातसा तर शहरापासून शंभरेक किलोमीटर दूर. नागपूरला पाणी देणारं आपलं पेंच आठवलं.

भरावावरून आठवलं, आपली एम्प्रेस मिल. मुंबईत धडाधड गिरण्या निघून राहिल्या होत्या तरी जमशेटजी टाटांनी ती १८७७ मध्ये नागपुरात काढली, कारण कापूस इकडचा. जागा घेतली जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. तेव्हा म्हणे इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस मातीत सोनं घालून राहिला म्हणून. नंतर तोच म्हणाला, मातीच घातली आणि सोनं काढलं. मुंबईच्या माणसाला भराव घालायची भीती ती काय!

साडेतीनच्या पुढे खरंच रस्ता वर आला. ओला, शेवाळलेला. आई चप्पल हातात घेऊन निघाली आणि अर्ध्यात थांबून मागे वळून चणेवाल्याला हात करून आली.

आता टीव्हीवर मुंबईत पाणी तुंबल्याची बातमी लागली की आई आधी कालनिर्णय काढते. "अमावस्या कधीची आहे पाह्य बरं. आणि मामीले फोन लाव, भरती किती वाजता आहे म्हणा."

मामी डोंबिवलीत राहते, तिला काय माहीत.