लेकीसोबत 'मीन गर्ल्स' बघितला त्याबद्दल

माझी लेक 13 ची झाली आणि तिची पहिली मागणी काय तर 'मीन गर्ल्स' बघायचा. ग्रुपमधल्या सगळ्या मुलींनी बघितलाय, त्यांना डायलॉग पाठ आहेत आणि हिलाच काही कळत नाही म्हणून ही गप्प बसते. मी हो म्हटलं, पण एकटीने नाही, माझ्याबरोबर. सिनेमा 2004 चा, अमेरिकेत त्याला पीजी-13 सर्टिफिकेट आहे, म्हणजे यातला काही भाग 13 च्या आतल्या मुलांसाठी योग्य नसेल असा आईबापांना इशारा. मग 13 पूर्ण झाले की सगळं योग्य होतं का, हे काही ते सर्टिफिकेट सांगत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. केडी नावाची 16 वर्षांची मुलगी, आफ्रिकेत वाढलेली, घरीच शिकलेली, पहिल्यांदा मोठ्या शाळेत येते. तिथे रेजिना नावाच्या मुलीचं आणि तिच्या दोन मैत्रिणींचं राज्य आहे. केडीचे नवे मित्र तिला म्हणतात की तू त्यांच्यात शिर आणि आतल्या बातम्या आम्हाला दे, आणि तसं करता करता ही स्वतःच रेजिनासारखी होऊन बसते. टीना फे ने याची पटकथा लिहिली ती रोझालिंड वाइजमन यांच्या 2002 च्या एका पुस्तकावरून, आणि ती कादंबरी नाहीये बरं का, मुलींचे कंपू कसे चालतात, कोण कोणाला वाळीत टाकतं हे आईबापांना समजावून सांगणारं पुस्तक आहे ते. म्हणजे मूळ मजकूर आपल्यासाठी होता. हे कळल्यावर मी सिनेमाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मला आधी भीती होती ती कपड्यांची, पार्टीची, किसिंगची. ती सगळी दृश्यं आली आणि गेली, लेकीने उशी तोंडावर घेतली, मी पाणी प्यायले, संपला विषय. मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. सिनेमातली सगळ्यात मजेदार वाक्यं, सगळ्यात छान कपडे, सगळ्यात ठसकेबाज एंट्री हे सगळं रेजिनाच्या वाट्याला आलंय. केडीला पश्चात्ताप होतो, ती माफी मागते, शाळेच्या डान्समध्ये राणी म्हणून मिळालेला मुकुट मोडून त्याचे तुकडे मुलींना वाटते, पण हे सगळं शेवटच्या थोड्या मिनिटांत. त्याआधीचा तासभर आपण दुष्टपणावर मनापासून हसलेलो असतो. मी पण हसले, खोटं कशाला बोलू.

आणि मुलांनी उचललं काय ते बघा. बुधवारी गुलाबी घालायचं हा रेजिनाच्या कंपूचा नियम, पाळला नाही तर त्यांच्याबरोबर जेवणाच्या टेबलाशी बसायला मिळत नाही. सिनेमात हा नियम किती मूर्खपणाचा आणि किती क्रूर आहे हे दाखवलंय. पण 20 वर्षांनीसुद्धा लोक कौतुकाने बुधवारी गुलाबी घालतात, त्याचे टीशर्ट निघतात. मोडलेल्या मुकुटाचा तुकडा कोणी मिरवताना मला तरी दिसला नाही.

'शेवटी वाईटाला शिक्षा होते ना, मग झालं' असं म्हणणारे पालक भेटतात, त्यांना मी नेहमी बांदुराचा प्रयोग सांगते. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये लहान मुलांना एक फिल्म दाखवली, त्यात एक माणूस मोठ्या बाहुलीला मारतो. काही मुलांना दाखवलं की त्या माणसाला बक्षीस मिळालं, काहींना दाखवलं की त्याला शिक्षा झाली, काहींच्या फिल्ममध्ये यातलं काहीच नव्हतं. शिक्षा बघितलेल्या मुलांनी नक्कल कमी केली, इथपर्यंत आपल्याला हवं तसंच. पण नंतर सगळ्यांना सांगितलं की त्याने जे केलं ते करून दाखवलं तर बक्षीस मिळेल, तेव्हा शिक्षा बघितलेल्या मुलांनी पण बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती, काही फक्त थांबून राहिली होती. मला वाटतं शाळेतल्या ग्रुपमध्ये हे बक्षीस रोज मिळतं, कोणाची तरी टिंगल केली की चार जणी हसतात, तेच बक्षीस.

पण म्हणून सिनेमा वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या मी लेकीला भाषण देऊन कधीच सांगू शकले नसते. एक म्हणजे गणित. केडी गणितात हुशार आहे पण आवडणारा मुलगा पुढच्या बाकावर बसतो म्हणून ती येत असूनही येत नाही असं दाखवते, मुद्दाम चुकते, मार्क घसरतात. तिथे लेक एकदम म्हणाली, "आई, आमच्या क्लासमध्ये पण असं करतात." मी विचारलं कोण, तर म्हणे जाऊ दे. आणि दुसरं, गणिताच्या स्पर्धेत शेवटच्या प्रश्नाला केडीसमोर एक मुलगी असते, केडी मनात तिच्या दिसण्याला, कपड्यांना नावं ठेवत असते आणि तिथेच तिच्या लक्षात येतं की समोरच्या मुलीला कितीही नावं ठेवली तरी त्याने आपलं गणित सुटणार नाही. सगळा सिनेमा माझ्यासाठी त्या एका क्षणात आहे, आणि गंमत म्हणजे तो क्षण कोणाला पाठ नसतो.

एका ठिकाणी मात्र मी पॉज केला. शाळेतला कोच विद्यार्थिनींशी लपूनछपून संबंध ठेवतोय, दोन मुली त्याच्यावरून भांडतात, आणि हे सगळं निव्वळ हसण्यावारी. मी लेकीला स्पष्ट सांगितलं की हा गुन्हा आहे, यात त्या मुलींची चूक शून्य आणि त्या माणसाची शंभर टक्के, आणि सिनेमाने हे विनोदात घ्यायला नको होतं. तिला माझं थांबवणं आवडलं नाही, पण ऐकून घेतलं. त्याबाबतीत मला कुठलीच तडजोड करायची नाही.

आणि रेजिनाची छोटी बहीण आठवते का? टीव्हीसमोर उभी राहून मोठ्या बायकांसारखा नाच करते, कोणाचंच लक्ष नाही, आईला स्वतः कूल दिसण्यातून वेळ नाही. दोनचार सेकंदाचं दृश्य, लोक हसून पुढे जातात, मला ते सगळ्यात जास्त लागलं. लहान मुलाला स्क्रीनसमोर एकटं सोडलं की काय होतं हे हाच सिनेमा दाखवतोय की! त्यामुळे 9-10 वर्षांच्या मुलीला मी हा दाखवणार नाही, आणि 13 च्या मुलीला एकटीने बघायला देणार नाही. बरोबर बसून मात्र परत दाखवेन, नक्की.

कारण पुढे काय झालं ते सांगते. जिममधला तो सीन, जिथे टीचर सगळ्या मुलींना विचारते की तुमच्या पाठीमागे कोणी वाईट बोललंय का, सगळे हात वर. मग विचारते तुमच्यापैकी कोण दुसरीबद्दल असं बोललंय, परत सगळे हात वर. माझी लेक त्या वेळी एकदम शांत झाली. मी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी रात्री ती माझ्या खोलीत आली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांच्या ग्रुपवर क्लासमधल्या मुलींची यादी होती, प्रत्येकीच्या पुढे दिसण्याचे मार्क, 10 पैकी. एका मुलीला 2 दिले होते आणि ते माझ्या लेकीने दिले होते. त्या मुलीपर्यंत ते पोचलंही होतं.

मला रागवायचं होतं, शब्द तोंडात आले होते, पण तिचा चेहरा बघितला आणि फक्त विचारलं, आता काय करूया. ती बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिली. मग म्हणाली, "आई, मी तिला फोन करते, तू बाहेर थांब." मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.