हायब्रीडची पोरं

बेचव दिसेल ते आजीच्या लेखी 'हायब्रीड' असायचं. हायब्रीड ज्वारीची भाकरी तिने कधी मनापासून खाल्ली नाही. आत्याचा थोरला, अंगाने धिप्पाड पण बारा महिने सर्दी, त्यालाही तिने तेच नाव ठेवलं होतं. आज ती असती तर माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांकडे बघून नाक मुरडलं असतं.

मी लावले होते द्राक्षाएवढे टोमॅटो. लांबट, जरा जाड सालीचे. चेरी टोमॅटो चावला की समोरच्याच्या शर्टावर उडतो, हे बापडे तोंडातच फुटतात. मूळ तैवानच्या बियाणे कंपनीचं वाण, नव्वदच्या दशकात फ्लोरिडातून अमेरिकाभर गेलं. पाकिटात जेमतेम दहा बिया आणि किंमत सोनाराच्या काट्यावरची. पण रागही धरवेना. हायब्रीड बी करायचं तर कळी उमलायच्या आत चिमट्याने एकेक पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावायचा. आपल्याकडे देऊळगाव राजाच्या भागात शेडनेटमध्ये हे काम चालतं.

पहिल्या वर्षी फळं अप्रतिम आली. मग माझ्यातला कोकणस्थ जागा झाला. दरवर्षी पाकीट कशाला? बी धरू! चार टोमॅटोंचा गर वाटीत दोन दिवस आंबवला. बीवरचा बुळबुळीत थर त्याने सुटतो. "हे काय सडवून ठेवलंय?" बायकोचा प्रश्न वासापुरता रास्त होता.

सहाव्या दिवशी रोपं वर आली. बगलफुटी खुडल्या, सुतळीने बांधली. चौदाव्या मजल्यावर मधमाश्या कुठल्या? पण टोमॅटोला आपलाच पराग पुरतो, फक्त फूल हलायला हवं. रोज सकाळी चहाचा कप हातात धरून टिचक्या मारत फिरलो.

आणि जानेवारीत सोंगं उघडी पडली. खाण तशी माती, ही म्हण हायब्रीडच्या दारात थांबते. आईबापांनी जोडलेले गुण पोरांत पुन्हा वाटले जातात, आणि वाटणी कुणाच्या हातात नसते. एकाला गोटीसारखी गोल फळं, एकाची लांबट पण चिंचेची बहीण, तिसरं पांढऱ्या माशीच्या कृपेने पानं आकसून आधीच गेलेलं. चौथं मात्र, काय सांगू, आईपेक्षाही गोड.

त्याला लाल दोरा बांधलाय. बायकोने वाटी लपवून ठेवली आहे.