कळंबाचा पाला

वेचणी जोरात असली की आमच्या उपकेंद्रात दुपारपर्यंत कोणी फिरकत नाही. सगळं गाव कापसात. बाया येतात त्या संध्याकाळी, कंबर धरून, दुखण्याची गोळी मागायला. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या सकाळी साडेनऊलाच दारात मोटारसायकल थांबली, तेव्हा आशाताई आणि मी दोघीही बाहेर आलो. पुढे म्हातारा, मागे त्याची बायको आणि दोघांच्या मधे चादर गुंडाळलेला सव्वीस वर्षांचा पोरगा.

पांढरकवडा तालुक्यातल्या या गावात मी चार वर्षांपासून समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पदवी बीएएमएसची. ती पुढे कामी आली म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

"पोराले पाहा जी मॅडम, दोन रोजापासून नुसता कुडकुडते," म्हातारा म्हणाला. आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात सलाईन लावून झालं होतं. फरक शून्य.

पोरगा थरथरत होता, पण ताप ९८.४. नाडी ११२. बीपी १५०/९६, या वयाला बराच. नाकाडोळ्यांतून पाणी, हातांवर पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा काटा. मलेरियाची किट निगेटिव्ह आली. पॅरासिटामॉल, ओआरएस आणि 'उद्या दाखवा' असं लिहायला मी पेन उचललंही होतं. खोटं कशाला बोलू?

रिवाज म्हणून विचारलं, "दारू घेतो का?"

म्हाताऱ्यानं गळ्यातली माळ पुढे केली. "आमच्या घरात थेंबाले कोनी शिवत नाई. खर्रा खाते, बस." खर्रा म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी; आमच्याकडे ती व्यसनात धरतच नाहीत, ती शिष्टाचारात मोडते.

हे बोलणं चालू असताना पोरानं जांभई दिली. मग आणखी एक. पंधरा मिनिटांत मी आठ मोजल्या. थंडी वाजून आलेला माणूस कण्हतो, झोपतो, पण अशा ओळीनं जांभया देत नाही. खिडकीकडे तोंड करायला लावलं, तर त्या लख्ख उजेडातही बुबुळांतली काळी टिकली मोठीच्या मोठी. असा माणूस मी याआधी एकदाच पाहिला होता. नागपूर-हैदराबाद हायवेच्या ढाब्यावरून आणलेला ट्रकचा क्लीनर, त्याचा डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, दोन दिवस चुकला होता. अफू उतरते तेव्हा शरीर असंच वागतं.

मी हळूच विचारलं, "अफू? कसल्या गोळ्या?" त्यानं मान हलवली. आणि तो खरंच बोलत होता, हे नंतर कळलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आई बोलली. "मॅडम, कालपासून धुऱ्यावरच्या कळंबाचा पाला आनते अन् उकळून पेते. इतका कडू की ढोर तोंड लावनार नाई. म्हनलं झाडपालाच हाये, काय होते त्यानं?"

पोरानं डोळे मिटून घेतले.

कळंब. गोल गोंड्यासारख्या फुलांचा, नाल्याकाठी, शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर वाढणारा. कॉलेजात वनस्पतींची वही भरताना मी त्याचं पान चिकटवलं होतं आणि खाली शास्त्रीय नाव लिहिलं होतं, मित्रागायना पार्विफोलिया. त्याचा एक चुलतभाऊ आग्नेय आशियात वाढतो, मित्रागायना स्पेसिओसा. थायलंडात त्याला क्रॅटम म्हणतात, मलेशियात केतुम.

"मलेशियात होतास का रे?"

म्हातारा चकित झाला. "तुमाले कोनं सांगितलं?"

आईवडिलांना आशाताईंनी चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं. मग पोरगा बोलला. एजंटमार्फत केदाह राज्यात पामच्या मळ्यावर दोन वर्षं होता. बारा-बारा तास काम, वर उन्हाचा मारा. तिथले मजूर केतुमच्या पानांचं उकळलेलं पाणी प्लास्टिकच्या पिशवीतून पितात, चोरून, कारण तिकडच्या विषविषयक कायद्यात ते बसतं. पहिल्या ग्लासानं थकवा गेला. कॉफीसारखी तरतरी आली (झाड कॉफीच्याच कुळातलं आहे). पण थोडं घेतलं तर तरतरी देणारी ही पानं जास्त घेतली की अफूच्या वाटेनं जातात. त्यातलं मित्रागायनीन मेंदूत अफू जिथे चिकटते त्याच जागी चिकटतं. सहा महिन्यांत तो दिवसातून चार वेळा पिऊ लागला. सुट्टीच्या दिवशीही. "मॅडम, सुट्टीले तर कामच नोयतं," तो म्हणाला, "तरी लागे." कधी अडकलो हे त्याचं त्यालाच त्या सुट्टीनं सांगितलं होतं.

परत येताना कॉफीच्या डब्यात पानांची पूड आणली. दहा दिवस पुरली. परवा डबा खरवडला आणि मग डोकं चाललं ते धुऱ्याकडे. मोबाइलवर त्या झाडाच्या नात्यातलं झाड म्हणून कळंबाचा फोटो दिसला, तो तर लहानपणापासून ओळखीचा. तीन तांबे काढा प्यायला. वांत्या झाल्या, बाकी काही नाही.

मग आईला एकटीला विचारलं. आठ-आठ दिवस संडास होत नव्हती. तिला वाटलं परदेशचं अन्न. बारा किलो वजन उतरलं होतं; वाटलं मेहनत. गाल काळवंडले होते, वाटलं ऊन. तोंडाला सारखी कोरड, दिवसभर पाणी. रात्री झोप नाही, अंथरुणात पाय झाडतो. वाटलं कोणाची नजर. एकेका खुणेला तिनं शहाणपणानंच कारण शोधलं होतं, आणि सुटं सुटं पाहिलं तर त्यातलं एकही चूक नव्हतं. मीदेखील तासाभरापूर्वी 'व्हायरल' लिहिणारच होते की.

म्हातारा मात्र ऐकायला तयार नव्हता. "पाल्याचं कुठं व्यसन लागते जी?" मी म्हटलं, तंबाखू कशाचा असतो बाबा? त्यानं खिशातली खर्ऱ्याची पन्नी चाचपली आणि गप्प बसला.

आमच्याकडे यावर औषध नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला, चिठ्ठी लिहिली आणि त्याच दिवशी त्या तिघांना यवतमाळच्या सरकारी मेडिकलच्या मानसोपचार विभागात पाठवलं. चिठ्ठीवर 'क्रॅटम' देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे मोठ्या अक्षरात. ते बरं झालं. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत अफू, गांजा, सगळं कोरं आलं. त्या पट्ट्यांवर ही पानं उमटतच नाहीत. लिव्हरचीही तपासणी झाली, कारण ही पूड काहींच्या लिव्हरला बाधते. पाचव्या दिवशी अंगदुखी उतरली. झोप यायला तीन आठवडे लागले.

मधे म्हातारा एकटाच येऊन गेला. "धुऱ्यावरचा कळंब तोडून टाकू का?" मी नको म्हटलं. बैल कुठं बसतील?

पोरगा आता दर महिन्याला यवतमाळला जातो. रात्री जीव कासावीस झाला तर लावायला त्याच्या मोबाइलमध्ये १४४४६ हा व्यसनमुक्तीचा नंबर मीच भरून दिला. फेब्रुवारीत एकदा तो उपकेंद्रात आला, दार लोटलं आणि टेबलावर कुरिअरचं पाकीट ठेवलं. ऑनलाइन मागवलेलं. वर हिरवं पान छापलेलं आणि 'हर्बल' असा शब्द. पाकीट फोडलेलं होतं, निम्मी पूड संपलेली.

"बाबाले सांगू नका," तो म्हणाला.

मी केसपेपर काढला, तारीख टाकली आणि त्याला विचारलं, शेवटचं कधी घेतलंस?