बाटलीतली साखर

पाचव्या तासात ती पाण्यातच ओकली. धरमतर ते मुंबईचं गेटवे हे समुद्रातलं जवळपास 36 किलोमीटरचं अंतर पोहायची तिची तयारी चाललीय, मी तिचा प्रशिक्षक. त्या रविवारी कोल्हापूरच्या राजाराम तलावात सहा तासांचा सराव होता. स्ट्रोक, म्हणजे हातांचे फटके, मिनिटाला 64 वरून 52 वर आले होते. मी ते वहीत लिहिलंही, पण तिला थांबवलं नाही.

लोकांना वाटतं, लांबचं पोहणं म्हणजे दम. दम सरावानं वाढतो, खरं अडतं ते पोटाशी. दर अर्ध्या तासाला मी होडीतून दोरी बांधलेली बाटली टाकतो. होडीला हात न लावता ती पाठीवर होऊन पिते आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा पालथी. आडव्या अंगानं, हेलकावे खात ते पोटात मुरवायचं असतं. हातांसारखा पोटालाही सराव लागतो.

आजवर तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं देत होतो. त्या दिवशी 80 केली. सायकलवाले 90 घेतात हे माझ्या डोक्यात होतं. पण ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून घेतात. आतड्यातून ग्लुकोज तासाला साधारण 60 ग्रॅमच रक्तात जातं, फ्रुक्टोजची वाट वेगळी. माझ्या बाटलीत नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे शेवटी ग्लुकोजच. वरचं पोटात साचतं, पाणी ओढून घेतं, पोट डबडबतं. हे मला ठाऊक होतं! साध्या साखरेत दोन्ही असतात, आपल्या गुळात तर मुख्यतः तीच साखर. गूळवाल्या गावात राहून मी डब्यातली पावडर ढवळत बसलो.

तिसऱ्या बाटलीलाच ती म्हणाली होती, "सर, लई गोड हाय."

"पी गं, पुढं लागंल," म्हणालो.

ओकल्यावर मी तिला नाव, वार विचारला. उत्तरं नीट आली, ओठ निळे नव्हते. दहा मिनिटं नुसतं कोमट पाणी दिलं. मग तिच्या आईनं थर्मासमधून दिलेली मीठ घातलेली भाताची पेज, चार-चार घोट. अर्ध्या तासात स्ट्रोक 58 वर. सहा तास पुरे झाले. तिला तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. पाण्यात ओकणं म्हणजे श्वासात जायची भीती असतेच.

काठावर कळलं, पहाटे साडेचारला वडिलांनी तिला बदामाची थंडाई पाजली होती. जुने पैलवान. "उपाशीपोटी पाण्यात कशी सोडू पोरीला, सर?" तालमीत तो खुराक बरोबरच आहे, पण कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते. पोहण्याआधी एवढी चरबी नको, ती पोटातून सावकाश उतरते. दोष थंडाईचा, असं मी लगेच धरून टाकलं. पण ओकारी मी होडीतून जवळून पाहिली होती. पांढरं काही नव्हतं. पातळ, चिकट पाणी.

दुसऱ्या दिवसापासून थंडाई बंद झाली आणि बाटलीत गूळपाणी आलं, तासाला 60. दोन्ही एकदम. त्यामुळं नेमकं काय नडलं, ते आता तपासताही येणार नाही. वडील भेटले की अजून हात जोडतात, "माझीच चूक झाली, सर." बाटलीत मी काय घातलं होतं, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.