मोडी कागदाची तारीख लावताना

नागपूरच्या महालातल्या जुन्या वाड्यांतून अजूनही मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघतात. रुमाल सोडला की सगळे आधी मजकुरावर तुटून पडतात. आधी तारीख लावा. ती चुकली तर अक्षर न् अक्षर बरोबर लावूनही इतिहास चुकतो.

समजा, कागदाच्या शेवटी ‘छ १६ मोहरम, सु॥ समान अशर मयातैन व अलफ’ असं आहे. छ म्हणजे चंद्र, चांद्रमहिन्याचा दिवस. पुढचा ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, अरबी संख्याशब्दांत आणि लहानाकडून मोठ्याकडे : समान ८, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. बेरीज १२१८. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या आसपास बदलतो. इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

अडचण अशी की सन सौर आणि महिना हिजरी. हिजरी महिने दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतात, म्हणून मोहरम कोणत्या ऋतूत पडला ते जंत्रीत, म्हणजे तारखांच्या कोष्टकांतच, पाहावं लागतं. इथे तो नोव्हेंबरात येतो, म्हणून ५९९. उत्तर २६ नोव्हेंबर १८१७च्या आगेमागे, म्हणजे नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई पेटली ते दिवस. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक राहतोच. कागदावर वार असेल तर तो मिटतो. २६ तारखेला बुधवार होता.

सरसकट ६०० मिळवणारे १८१८ काढतात. त्या नोव्हेंबरात नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत होऊन परागंदा झालेले, गादीवर इंग्रजांनी बसवलेले अल्पवयीन तिसरे रघूजी. कागदात हुकूम आप्पासाहेबांचा असेल, तर ते साल तिथेच बाद. गणित आणि मजकूर एकमेकांना असे तपासतात. मजकुराला बाजूला ठेवून नुसत्या जंत्रीवर विसंबणं मला तरी पटत नाही.

वाचनातले सापळे ठरलेले आहेत. सबा ७ आणि सबैन ७०, समान ८ आणि समानीन ८०, तिसा ९ आणि तिसैन ९०. मोडीत शब्द तोडलेले नसतात, बोरू न उचलता ओळ सलग पळते. शेवटचा फराटा नीट पाहिला नाही तर साठ ते ऐंशी वर्षांची उडी सहज पडते. शिवाय त्या अकरा दिवसांमुळे मृगाच्या तोंडावरची हिजरी तारीख त्याच शुहूर सनात दोनदा येऊ शकते. तिथे वार किंवा तिथी नसेल तर दोन्ही तारखा नोंदवाव्यात, एक निवडू नये.

पाठीवर ‘पै॥’ दिसलं तर ती पैवस्तगी, पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याची नव्हे. लांबच्या पत्रात दोन्हींमध्ये आठवडे जातात, आणि पाठीवरचं अक्षर बऱ्याचदा ठळक असल्यानं घाईत तेच उचललं जातं.

वसुलीच्या कागदांवर फसली, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेला महसुली सन भेटतो. दक्षिणी फसलीला ५९० किंवा ५९१, उत्तरेकडच्या फसलीला ५९२ किंवा ५९३ मिळवायचे. नागपूर दोहोंच्या मधोमध, म्हणून अंदाजानं ठरवू नका. त्याच रुमालात शकही दिलेला एखादा कागद शोधा. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, आणि त्यावरून कोणती फसली ते कळतं.

निघालेली तारीख वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीनं : वर मूळ शब्द जसेच्या तसे, खाली हिशेब. मूळ कागदावर काही लिहू नये. आणि फाटलेल्या घडीला चिकटपट्टी तर अजिबात नको. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून नेमकी अक्षरंच झाकतो.