तांजुंग पुटिंगला जायचं असेल तर

तांजुंग पुटिंग म्हणजे इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरचं ओरांगउटानसाठी प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान. जकार्ताहून फ्लाईटने पांगकालान बुन, तिथून टॅक्सीने कुमाई बंदर, आणि पुढचा सगळा प्रवास सेकोनियर नदीतून क्लोतोकने. क्लोतोक म्हणजे लाकडी बोट, जेवण-झोप सगळं वरच्या डेकवर, मच्छरदाणी लावून. दोन रात्री तरी ठेवाच, एका दिवसात उरकलं तर कॅम्प लीकी, म्हणजे जंगलातलं ओरांगउटान संशोधन केंद्र, नीट बघून होत नाही.

नदी आधी गढूळ असते, कॅम्प लीकीच्या फाट्याला वळलो आणि पाणी एकदम कोऱ्या चहासारखं काळं झालं, कुजलेल्या पाल्याचा रंग तो. कॅम्प लीकीलाच संशोधक बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१ मध्ये ओरांगउटानचा अभ्यास सुरू केला.

फीडिंगच्या जागी, म्हणजे ओरांगउटानसाठी केळी ठेवतात तिथे, पाऊण तास काहीच नाही, मग एक बारीक झाड वाकत वाकत आलं, त्याच्यावर मादी, कुशीला पिल्लू घट्ट चिकटलेलं. तिने तोंडात पाच-सहा केळी कोंबली आणि वर जाऊन बसली, पिल्लू तिच्या ओठातून चावलेलं केळं काढून खात होतं. मला तर रडूच आलं. पिल्लू सहा-सात वर्षं आईजवळच असतं, तोवर दुसरं होत नाही, म्हणजे एक मादी गेली की किती मोठं नुकसान बघा.

कोणी आलंच नाही तर नाराज होऊ नका, जंगलात फळं भरपूर असली की ते फिरकत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. जवळ जायचं नाही, हातात खाऊ ठेवायचा नाही. आपली सर्दी त्यांना लागते, आमच्यातल्या एक काकू शिंकत होत्या, त्या स्वतःहून बोटीवर थांबल्या, मला फार कौतुक वाटलं त्यांचं.

पार्कच्या बाहेर पामतेलासाठी लावलेल्या पामच्या बागा आहेत. त्यासाठी चर खणून दलदलीतलं पाणी काढतात, मग ती कुजलेल्या पाल्याची माती सुकते आणि पेटली की जमिनीखालून धुमसत राहते, २०१५ ला कालिमंतानमध्ये, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, असंच प्रचंड जंगल गेलं. संध्याकाळी डेकवर घरून आणलेलं फरसाण काढलं, पाकिटामागे बघितलं तर पामोलिन, म्हणजे पामतेलच. जगात सगळ्यात जास्त पामतेल आपणच आयात करतो. तेव्हापासून मी पाकीट उलटं करून बघितल्याशिवाय घेत नाही, तुम्हीही बघा.

जून ते सप्टेंबर पाऊस कमी. रोख रुपिया कुमाईच्या आधीच काढून ठेवा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) छान करून देतात.