टिबुकलीचं यकृत

शिरोळकडच्या एका तळ्यावरून वनरक्षकानं शवविच्छेदनासाठी कोल्हापूरला आणलेलं मेलेलं 'बदकाचं पिल्लू' बदकाचं नव्हतंच. बोटांना पाकळ्यांसारखे सुटे पडदे, शेपूट जवळपास नाहीच. पूर्ण वाढलेली टिबुकली, म्हणजे पाण्यात बुड्या मारणारा छोटा पक्षी. निरोगी असती तर 200 ग्रॅमच्या आसपास भरली असती. काट्यावर 112 आले. छातीच्या हाडाची धार बोटाला टोचत होती.

बदक की टिबुकली, यानं फार फरक पडतो. टिबुकली किडे आणि बारीक मासे खाते, त्यामुळे पाला-बिया खाणाऱ्या बदकापेक्षा तिच्या अंगात पीसीबी जास्त साठतं. जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलातलं हे रसायन. केंद्राच्या 2016 च्या आदेशानं त्याच्या वापराला 31 डिसेंबर 2025 ची शेवटची मुदत दिली. त्याआधी गाळात उतरलेलं मात्र तिथंच आहे.

मी पोचेपर्यंत सहकाऱ्यानं बर्ड फ्लूचे स्वॅब घेऊन पोट उघडलं होतं आणि अख्खं यकृत फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रावणात, टाकलं होतं. सूक्ष्मदर्शकासाठी अर्धा सेंटिमीटर जाडीचा तुकडा पुरतो. बाकीचं कोरडंच गोठवायचं असतं, कारण फॉर्मॅलिनमध्ये भिजलेल्या यकृतातून काढलेल्या रसायनाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोष त्याचा नाही. आपल्याकडे शवविच्छेदन कोंबडीवर शिकवतात, आणि कोंबडीत शोधायचा असतो तो रोग.

उरला मेंदू, घेवड्याच्या दाण्याएवढा. मागणारे दोन. डीडीटी-पीसीबीच्या जातीची विषबाधा तपासायला मेंदू लागतो, आणि शेतातल्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय फेडायला कोलिनएस्टरेझ हे मज्जासंस्थेतलं एन्झाइमही त्याच्यातच मोजतात. मधोमध उभा कापला. कात्री-चिमटा आधी ॲसिटोननं, मग हेक्झेन या द्रावकानं धुतला. पीसीबीचा अर्धा भाग हेक्झेननं धुतलेल्या फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या बाटलीत. प्लॅस्टिक अजिबात नाही.

कापड-प्रक्रियेच्या पट्ट्यातलं पाणी, म्हणून पीफासही बघायचं होतं. कापडावर पाणी ठरू नये म्हणून देतात त्या लेपातलं हे रसायन. इथं सगळंच उलटं. फॉइल नको, काच नको, आणि टेफ्लॉनचं झाकण तर नकोच, ते याच कुळातलं. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची नळी घ्यायची. पीफास चरबीत न साठता रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून हृदयातली गुठळी उचलली.

ती उचलताना हृदयाची खाच दिसली. तिथं घट्ट पिवळी चरबी असायला हवी. होती नुसती पारदर्शक जेली. पोटात मासा नाही, किडा नाही, ओल्या पिसांचा एक गोळा तेवढा. या कुळातले पक्षी स्वतःची पिसं गिळतात. सहकारी म्हणाला, "सर, उपासमार लिहू?"

दिसत होती ती उपासमारच. पण उपाशी पक्ष्याची चरबी जळते, तेव्हा तिच्यात साठलेलं पीसीबी रक्तात उतरून यकृताकडे, मेंदूकडे जातं. मग भुकेनं विष मोकळं केलं, की विषानं पक्षी मंदावला आणि मासा पकडेनासा झाला? मेंदूतलं पीसीबी कळेल. त्याच्या जोडीला यकृतातलं पीसीबी आणि त्याच यकृतातल्या चरबीची टक्केवारी हाती असती, तर काही अंदाज बांधता आला असता. रोज तिथंच येऊन अडतो.

अहवालात 'मृत्यूचं कारण' हा रकाना एका ओळीचा. त्यात 'अतिकृशता, कारण अनिर्णित, रसायनांच्या अवशेषांची तपासणी बाकी' एवढं बसवलं. वनरक्षकाला धुतलेलं फॉइल, दोन बाटल्या, चार नळ्या असा डबा करून दिलाय. सोबत एक पेन्सिल. लेबलावरची शाई हेक्झेननं पुसली जाते.